भागीदारीतून बाहेर पडण्याचे सात खर्डे

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

निर्णय झाला. मी भागीदारीतून बाहेर पडते आहे. याच आठवड्यात. फार तर पुढच्या.

कारण लिहून ठेवते, म्हणजे नंतर मन विरघळायला लागलं तर इथे येऊन वाचता येईल. परवा दुकानाच्या मागच्या खोलीत अस्तराचं कापड काढायला गेले, तर दार उघडेना. खांदा लावून ढकललं, तर आतून काहीतरी मऊ मला परत ढकलत होतं. मखमल निघाली. पिवळी. अडतीस तागे. आमचं पडद्यांचं छोटं दुकान. अकरा वर्षांत एका रंगाचे चार तागे एकदम कधी आले नाहीत.

मॉनिटरला विचारलं. माझी पार्टनर कॉन्व्हेंट शाळेत सलग सहा वर्षं वर्गाची मॉनिटर होती. दुसऱ्या नावाने हाक मारली तर आजही तिच्या लक्षात येत नाही. आधी म्हणाली, पिवळी नाही, मस्टर्ड. मग म्हणाली, एका नव्या हॉटेलची ऑर्डर होती, साठ खोल्यांची, तुला सरप्राइज द्यायचं होतं. हॉटेल उघडायच्या आधीच बंद पडलं. मखमल उधारीवर आणलेली. आकडा तिने माझ्या कानात सांगितला. आम्ही दोघींनी तीन वर्षं दुकानातून एक पैसाही घरी नेला नाही, तर फिटेल.

पैशांचं एक वेळ बाजूला ठेवू. मला विचारलं नाही. मला. सातवीत भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल हिच्या हातून पडून फुटला, तेव्हा पुढे होऊन मी नाव घेतलं होतं स्वतःचं. दोन तास व्हरांड्यात उभी होते. मॉनिटर सिस्टरांना म्हणाली, ती रडतेय सिस्टर, तिला पाणी पिऊन येऊ दे. किती मोठं मन वाटलं होतं तेव्हा तिचं.

यांना सांगितलं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून यांचं सगळं लक्ष घरच्या नळांवर असतं. सिंकखालून म्हणाले, गेल्या वर्षीही तू बाहेर पडणार होतीस. म्हटलं, तेव्हा कारण वेगळं होतं. मग म्हणाले, आपल्या या दोन खोल्या तुझ्या नावावर आहेत, ते लक्षात असू दे.

काहीतरीच. आईने दिलेली जागा. तिचा मखमलीशी काय संबंध?

५ मार्च, बुधवार

वकीलबाईंकडे जाऊन आले. चप्पल दुरुस्तीच्या दुकानावरचा जिना, वर तीन खुर्च्या, एकीचा पाय हलतो. वकीलबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. केस बारीक कापलेले, बोलणंही तसंच.

त्यांनी बरंच सांगितलं. दोघींच्या सहीचा कागद हवा. ज्यांचं देणं आहे त्या प्रत्येकाला कळवायला हवं. पेपरात जाहीर नोटीस, नोंदणी कार्यालयात अर्ज. तोवर दुकानाचं नवीन कर्जही माझ्या डोक्यावर. आणि जुनं कर्ज तर मी बाहेर पडले तरी माझ्यामागे येणार. देणेकऱ्याने, म्हणजे ज्याला आपण देणं लागतो त्याने, मला मोकळं केल्याचं लिहून दिलं तरच सुटका. दुकानात भागलं नाही तर तो राहत्या जागेपर्यंत पोचू शकतो. आणि आजपासून कुठेही सही करायची नाही. दुकानात बसायचंसुद्धा नाही. बसलेली दिसलात की तुम्ही पार्टनरच.

मी वहीत मुद्दे काढले. एक, पत्र लिहिणे. दोन, सही टाळणे. बाकी तपशील.

भागीदारीचा मूळ करार मागितला. म्हटलं, माझ्याच हाताने लिहिलाय, जाड कागदावर, बघत राहाल. त्या म्हणाल्या, वाचलाय का? म्हटलं, लिहिलाय. त्यांनी परत विचारलं, वाचलाय का? या मुलींना ऐकू कमी येतं. सतत कानात वायरी.

त्यांना काय सांगणार. आमच्या सिस्टर सुलेखनाच्या तासाला पट्टी घेऊन बाकांमधून फिरायच्या. सांगायच्या, अर्थाकडे बघू नका, आकाराकडे बघा. अर्थाकडे लक्ष गेलं की अक्षर वाकतं. माझं कधी वाकलं नाही. पाच वर्षं सुलेखनाचं बक्षीस माझं. म्हणून दुकान सुरू केलं तेव्हाच कामाची वाटणी आपोआप झाली. मॉनिटर बोलते, मी लिहिते. दुकानाचा एकूण एक कागद माझ्या अक्षरात आहे. मॉनिटरच्या हातचं तिथे एक चिटोरंसुद्धा सापडणार नाही.

६ मार्च, गुरुवार

आज अकरा वाजता सांगायचं ठरवलं होतं. वाक्यं पाठ होती. 'मला तुझ्याशी काही बोलायचं आहे' इथून सुरुवात.

अकराला दहा कमी असताना मॉनिटर म्हणाली, मला तुझ्याशी काही बोलायचं आहे. माझं वाक्यच गेलं.

तिच्या डोळ्यांत दाब वाढलाय. आता दर मंगळवारी मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागणार. बारीक काम जमायचं नाही म्हणाली, कागदपत्रं तर नाहीच नाही. माझा हात हातात घेतला. म्हणाली, टीपकागद, तू आहेस म्हणून.

शाळेत वर्गातली सगळी शाई माझ्याच फ्रॉकवर सांडायची, त्यावरून पडलेलं नाव. ते एकट्या तिलाच ठाऊक आहे आता. बाकीच्या मैत्रिणी पांगल्या, दोघी तर गेल्याच.

आजारी माणसाला कसं सांगायचं? पुढच्या आठवड्यात सांगेन. तसं मनाने मी निघालेच आहे. राहिलाय तो फक्त कागद.

दुपारी पडद्याच्या रिंगांची पेटी आली. पोच दिली. ती काही सही नव्हे.

१० मार्च, सोमवार. रात्रीचं जेवण झाल्यावर

पत्राचा पहिला खर्डा. 'प्रिय मॉनिटर' खोडलं. जिने पाठीत सुरा खुपसला तिला प्रिय कशाला म्हणायचं? 'स. न. वि. वि.' लिहिलं. ते गॅस एजन्सीला लिहिल्यासारखं वाटलं. परत 'प्रिय'.

दीड पान झालं. त्यात पृथ्वीच्या गोलाचं पाऊण पान. भागीदारीचा उल्लेख यायचा राहिला.

१८ मार्च, मंगळवार

मॉनिटर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दुकानात मी आणि पडदे शिवणारे मास्तर. मास्तर पंधरा दिवस झाले एकच वाक्य बोलायचं की नाही ते ठरवत असावेत. तोंडात टाचण्या धरून माझ्याकडे बघतात. आज टाचण्या काढल्या. म्हणाले, बाई, मॉनिटरबाईंची कात्री दिसत नाही.

म्हटलं, धार लावायला दिली असेल. म्हणाले, पायाखालचं स्टूलही? म्हटलं, स्टूल घरी लागत असेल. म्हणाले, भिंतीवरचा त्यांच्या आईचा फोटो?

आता हे काय माणसाने बोलायचं? डोळे अधू होत चाललेत, फोटो डोळ्यांजवळ हवा असणार. मास्तर म्हणाले, चाळीस वर्षं शिलाईत गेली माझी, सहा दुकानं बघितली. सोडून जाणाऱ्याची आधी कात्री जाते. मी त्यांना समजावून सांगितलं, सोडून जाणारी मी आहे. माझी कात्री जागेवर आहे, कारण मी गाजावाजा करणाऱ्यांतली नाही.

त्यांनी टाचण्या परत तोंडात धरल्या.

खर्डा तीन. आता मुद्दा आला आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत. 'कदाचित काही काळ' असे शब्द आहेत. ते काढायला हवेत.

२२ मार्च, शनिवार

आजचा दिवस सुंदर गेला. रागावलेली असूनही कबूल करते.

मॉनिटर सकाळी एक मजकूर घेऊन आली. चार पानं, तिच्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात, आणि सोबत कोरे स्टँप पेपर. म्हणाली, दुकानाचे कागद नव्याने करायचेत, माझे डोळे हे असे, तुझ्याइतकं देखणं कोण लिहिणार. सव्वादहाला बसले, दीडला मान वर केली. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, तिने बाहेरच्या बाहेर वाटेला लावली, मला हाक मारली नाही. चहा टेबलावर आणून दिला, कागदापासून लांब ठेवून. किती वर्षांनी.

इतकी जोडाक्षरं बऱ्याच दिवसांत हाताखाली आली नव्हती. 'निवृत्त' चौदा वेळा. 'उत्तरदायित्व' सात वेळा, सातही एकमेकांवर ठेवले तर केसाएवढा फरक निघणार नाही. 'संपूर्णतः एकटीने' हे तर मी दुसऱ्या वहीत उतरवून घेतलं, हात बसावा म्हणून. सिस्टर असत्या तर पट्टी बगलेत धरून काही न बोलता पुढे गेल्या असत्या. तीच त्यांची शाबासकी.

दोघींनी सह्या केल्या. साक्षीला मास्तर आणि शेजारचे चष्मेवाले. चष्मेवाल्यांना विचारलं, मॉनिटरचा डोळ्यांचा दाब आता कसा आहे? म्हणाले, कसला दाब? ते साधे चष्मेवाले, त्यांना काय कळणार. मास्तर सही करताना काही म्हणायला गेले, तर मॉनिटरने त्यांना पडद्याच्या दांड्या आणायला पाठवलं.

वकीलबाईंनी सही करू नका म्हटलं होतं, ते लक्षात होतं. पण त्या म्हणाल्या त्या नवीन सह्या. ही जुन्याच दुकानाची होती.

संध्याकाळी यांनी विचारलं, मजकूर काय होता. म्हटलं, नूतनीकरण असावं. असावं म्हणजे? म्हणाले. यांना सुलेखन कधी कळलंच नाही. यांचं स्वतःचं अक्षर पाण्याच्या मीटरच्या आकड्यांसारखं.

२७ मार्च, गुरुवार

मखमलवाले घाऊक व्यापारी आले. भरदार गृहस्थ, कॉलरच्या आत रुमाल. मॉनिटरने ओळख करून दिली, या आमच्या दुकानाच्या मालकीणबाई, आणि चहा करायला आत गेली. चहाला पाऊण तास लागला.

मालकीणबाई. अकरा वर्षांत पहिल्यांदा. परवाही ती फोनवर कोणाला तरी 'हिचं दुकान' म्हणाली ते मी ऐकलं होतं. शेवटी कदर होते माणसाची. उशिरा का होईना. पण म्हणून मी विरघळणार नाही.

मखमलवाल्यांशी मी फार सभ्यपणे आणि ठाम बोलले. ते म्हणाले, मग आता सगळं तुमच्याकडूनच ना? म्हटलं, माझ्याकडून तुम्हाला कधीच तक्रारीला जागा मिळणार नाही. खूश झाले. एक कागद पुढे केला. टाइप केलेला, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं पेन डाग पाडत होतं म्हणून माझ्या पेनने सही केली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवलं, ही बहुधा सही होती. उद्यापासून कडक.

३० मार्च, रविवार

सातवा खर्डा. हाच शेवटचा.

पाच आणि सहा हे रागाचे होते. सहाव्यात मी तिला विश्वासघातकी म्हटलं आहे, दोनदा. 'श्व' इतका रेखीव आला की फाडवेना, ट्रंकेत ठेवला. सातवा पंधरा ओळींचा. स्वच्छ. 'मी भागीदारीतून बाहेर पडत आहे. यापुढे दुकानाच्या देण्याघेण्याशी माझा संबंध राहणार नाही. आपण एका बाकावर बसलो होतो हे मी विसरणार नाही.'

यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, उद्या खरंच देशील? म्हटलं, खरंच. यांनी उठून चहा केला. लग्नानंतर बहुतेक चौथ्यांदा.

३१ मार्च, सोमवार

दिलं.

साडेदहाला. तिच्या टेबलावर ठेवून मी मागच्या खोलीत, मखमलीत जाऊन उभी राहिले. फटीतून बघितलं. तिने पत्र हातभर लांब धरून वाचलं, चष्मा न लावता, एका दमात. मग आत आली, आणि मला मिठी मारली. रडत होती. मीही. म्हणाली, किती छान लिहितेस गं तू.

बस. एवढंच. ना भांडण, ना आदळआपट. मी किती घाबरले होते. संस्कार म्हणतात ते हेच.

म्हणजे मान्य आहे तिला. सुटले मी. घरी येताना नेहमीसारख्या पायऱ्या मोजल्या नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ८.२०

मोकळी बाई. आठ वाजेपर्यंत झोपले. आता बागकाम, इंग्रजी पुस्तकं पुन्हा वाचून काढायची, पियानो पुन्हा शिकायचा. पियानो नाही, पण ते नंतर बघू.

सायंकाळी

फक्त किल्ल्या द्यायला गेले होते. मॉनिटर आलेली नव्हती; डोळ्यांचा वार. मास्तर बाहेर फूटपाथवर, मशीनचं कव्हर मांडीवर घेऊन बसलेले. म्हणून उघडलं. मग एक बाई बाळाच्या खोलीसाठी पडदे बघायला आल्या. सातवा महिना लागलेला. त्यांना काय सांगायचं, मी इथली कोणी नाही? पाहुणी म्हणून थांबले सहापर्यंत.

७ एप्रिल, सोमवार

मॉनिटर आठवडाभर आली नाही. फोन उचलत नाही. मी सोडून गेल्याचं तिने मनाला किती लावून घेतलं आहे. आता मलाच अपराधी वाटतं. असा निरोप द्यायला नको होता. निदान तिचे डोळे बरे होईपर्यंत.

तोवर दुकान मीच उघडते. पाहुणी म्हणूनच. गल्ल्यालाही पाहुणी म्हणूनच बसते.

११ एप्रिल, शुक्रवार

काल घरी मखमलवाल्यांचा माणूस आला. पहिली रक्कम द्यायची मुदत संपली म्हणाला. मी हसून सांगितलं, आपण चुकीच्या दारात आलात, मी आता भागीदार नाही. तो म्हणाला, हो, माहीत आहे, तुम्ही आता भागीदार नाही. मला बरं वाटलं. पण तो जाईना.

आज पत्राची नक्कल घेऊन वकीलबाईंकडे गेले. हे सोबत आले. वकीलबाईंनी माझं पत्र वाचलं आणि ड्रॉवर उघडला. त्यांनी परवा नोंदणी कार्यालयातून कागद काढून आणले होते, माझंच काम समजून. टेबलावर चार स्टँप पेपर ठेवले आणि पेपरातल्या जाहीर नोटिशीचं एक कात्रण, दोन एप्रिलचं.

त्यांनी विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

मी म्हटलं, "माझं."

आणि खोटं कशाला, त्या क्षणीही आधी डोळ्यांत भरली ती पहिल्या ओळीची सरळ रेघ.

मग त्यांनी वाचून दाखवलं. मॉनिटर २२ मार्चपासून भागीदारीतून निवृत्त झाली. दुकानाची सर्व देणी, मागची आणि पुढची, मी संपूर्णतः एकटीने फेडायची. घाऊक व्यापाऱ्याला हे मान्य आहे. त्यांच्या टाइप केलेल्या कागदावर खाली माझी सही. त्यांनी मॉनिटरला मोकळं केलं आणि माझ्याकडून सगळं घ्यायचं पत्करलं. वकीलबाईंनी मला सांगितली होती ती प्रत्येक गोष्ट कोणीतरी एकेक करून नीट केली होती. मी सोडून.

म्हटलं, पण माझं पत्र? मीही बाहेर पडले ना, एकतीस तारखेला?

वकीलबाईंचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. म्हणाल्या, कशातून? दोघींतली एक गेली की भागीदारी उरतच नाही काकू. दुकान उरतं. ते तुमचं.

यांनी जिना उतरताना माझा दंड धरला होता. एकदाही 'मी सांगत होतो' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल, शनिवार

मॉनिटरच्या घरी गेले. न सांगता. तिची एकच खोली. लग्न केलं नाही, आईचं करण्यात वय गेलं. स्टूल होतं, कात्री होती, आईचा फोटो होता. ती खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच फटक्यात ओवला.

बसायलाही सांगितलं नाही तिने, मी बसले. मग तिनेच सुरुवात केली. ५ मार्चला तिने मला वकीलबाईंच्या जिन्यावर बघितलं होतं. खाली तिची चप्पल दुरुस्तीला दिलेली. त्या दिवशी ती घरी येऊन भिंतीकडे बघत बसली. म्हणाली, तू बाहेर पडलीस की ती मखमल माझ्या एकटीच्या गळ्यात. तुला दोन खोल्या आहेत, घरात माणूस आहे, मुलगी आहे. मला ही खोली आणि हे स्टूल. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने स्वतःचा वकील गाठला. मंगळवारचे मोठे डॉक्टर ते हेच.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "चार पानं तुझ्यासमोर ठेवली होती. दर ओळीला वाटत होतं, आता थांबशील. आता मान वर करून माझ्याकडे बघशील. पाणी पिऊन आले तीनदा, बघवेना म्हणून. तू फक्त म्हणालीस, शाई छान आहे."

काय बोलायला हवं होतं ते आता रात्री सुचतंय आणि ते फार धारदार आहे. मखमल न विचारता कोणी आणली? डोळ्यांचं खोटं कोण बोललं? मिठी मारून कोण रडलं? यातलं एक वाक्य जरी तिथे सुचलं असतं.

निघताना तिने दार उघडून धरलं. म्हणाली, तुझं पत्र मी ठेवलंय. मला वाटलं होतं, त्या चार पानांचं कळून तू ते लिहिलंयस.

आम्ही आता कायमच्या तुटलो. हे लिहून ठेवते. त्या बाईचं तोंड बघणार नाही.

१९ एप्रिल, शनिवार

मखमलवाल्यांशी वकीलबाई बोलल्या. चार वर्षं हप्ते. तारण म्हणून आमच्या दोन खोल्या. एक हप्ता चुकला तर नोटीस, तीन चुकले तर जागा. मखमल परत घेत नाहीत; म्हणाले, हा रंग आमच्याकडेही पडून होता.

सह्या करायच्या होत्या. यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि पेन स्वतःच्या खिशात. म्हणाले, आधी वाच. वाचला. साडेतीन पानांना पाऊण तास लागला. मध्येच माझ्या आईचं नाव आलं, जागेच्या वर्णनात, पूर्वीच्या मालक म्हणून. तिथे बराच वेळ थांबले. हे नळ बघायला गेले. नळ गळत नव्हता.

सही वाकडी आली. पहिल्यांदाच.

नवे संकल्प. एक, दुकान सहा महिन्यांत नफ्यात. दोन, पिवळ्या मखमलीच्या उशा, खुर्च्यांची कव्हरं, जे काय निघेल ते. तीन, मॉनिटरचं नाव दुकानात काढायचं नाही. मास्तरांनाही बजावलं. ते म्हणाले, मी कधी काढतो?

५ मे, सोमवार. रात्री ९.१५

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे माझी बाजू स्पष्ट राहील.

गेले चार दिवस मॉनिटर समोरच्या बसस्टॉपवर उभी राहते. बस येते, जाते, ती तिथेच. मी बघत नाही. मास्तर बघतात आणि मला सांगतात. आज सकाळी म्हणाले, छत्री नाही आणलेली, ऊन लागेल. म्हटलं, मला काय त्याचं.

साडेअकराला फोन आला. नव्या दवाखान्याचा वेटिंग हॉल, पडदे हवेत, माप आजच घ्या, बाराला दुसऱ्यांना बोलावलंय. काचेची खिडकी, भिंतभर, अठरा फूट. पहिलं मोठं काम. हे मिळालं तर दोन हप्ते निघतात. मास्तरांचा गुडघा त्यांना स्टुलावर चढू देत नाही. आणि अठरा फुटांची टेप एका माणसाने दोन्ही टोकांना धरता येत नाही. हे कुणीही मान्य करेल.

रस्ता ओलांडून गेले. तिला बोलण्यासाठी माझी चार वाक्यं तयार होती, बारा एप्रिलपासून रोज घासलेली. विचारलं, "शिडी चढशील ना?"

ती म्हणाली, "मला काय झालंय?"

दवाखान्यात तिने डावं टोक धरलं, मी उजवं. तिने आकडा मोठ्याने सांगितला, तिला तसंच सांगायची सवय, मी लिहून घेतला. मग सरळ डॉक्टरांशी बोलायला लागली. अस्तराशिवाय पडदा म्हणजे नुसती चादर, डॉक्टरसाहेब, असं म्हणाली. ऑर्डर मिळाली. मस्टर्ड रंग त्यांना चालेल का, तेही विचारून घेतलं. नाही म्हणाले.

परत येताना म्हणाली, तिच्याकडे आता काहीच काम नाही. भागीदार वगैरे ती पुन्हा व्हायची नाही, तो ताप नको. पगारावर यायला तयार आहे. आणि लेखी हवं. हल्ली तोंडी कशालाच अर्थ नाही.

यांना फोन केला. म्हणाले, लिहिणार कोण?

मी तिलाच लिहायला लावलं. त्याच कोंबडीच्या पायांत. अर्धं पान. दोनदा वाचलं, बोट ठेवून. दुकानाच्या कुठल्याही देण्याशी तिचा संबंध नाही, हे तिने दुसऱ्याच ओळीत घातलं होतं. काढ म्हणावं असं काही कारण सुचलं नाही. सही केली.

पगार दर महिन्याच्या एक तारखेला. आधी तिचा, मग मास्तरांचा, मग मखमलवाल्यांचा हप्ता. माझं अजून ठरलेलं नाही.